पट्टीखालचं तूप

तूपच आहे ते भाऊ, वास कशाला घेता, तूपच आहे. आता घरात पोरगं म्हटल्यावर — योगेंद्र माझा, पाचवीला जाईल आता — आखाजीचे दिवस होते, मी माहेरी भडगावला, आणि आखाजीला आमच्याकडे खापरावरचे मांडे आणि आमरस, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही इथलेच ना? — मग झालं तर. मांड्यावरून तूप ओघळेपर्यंत वाढते माझी आई. पोरांना कुठला आलाय हात धुवायचा धीर? एका हातात मांडा, दुसऱ्या हातात हा गेम. लागला तुपाचा हात, गेलं त्या भोकांतून आत, वासाने मुंग्या शिरल्या, पडला बंद. एवढंच झालंय. दुसरं काही नाही. तुम्ही आपलं ते पुसून घ्या, काय ती खरी पेस्ट लावायची ती लावा, आणि चालू करून द्या — किती वेळ लागेल? नाही, घाई म्हणजे — आहेच घाई. स्टँडवर थांबलीत माझी माणसं. पोराचे पप्पा आणि पोरगं. मी त्यांना म्हटलं, ब्लाउजची लेस घ्यायचीय, ही गेले नि ही आले. लेस काय, पिशवीतच आहे लेस. कालच घेतली.

पट्टीखाली? कोणत्या पट्टीखाली? — हां, ती तांब्याची. बरं मग? उन्हाळ्यात पातळ होतं ना तूप. आमच्या इथल्या, पिंप्राळ्याच्या खोलीला वर पत्रा, दुपारी बरणीतलं तूप पाण्यासारखं हलतं, गेलं असेल झिरपत झिरपत. पातळ वस्तूला कोण अडवणार? — नाही जात? स्क्रू काढल्याशिवाय नाहीच जात? तो दिवा कशाला फिरवता इकडे, दिसतंय मला. हो, कडेला सुकलंय. हो, सारवल्यासारखं आहे, बोटाने. बोट काय, पोराचंही असेल — मोठ्या माणसाचं? तुम्ही काय आधी पोलिसात होता का, ठसे बघायला? — रागावू नका. तसं नव्हतं म्हणायचं. तुम्ही दुकान मांडून बसलेले, तुम्हाला दिसेल ते तुम्ही बोलणार. तो पंखा जरा इकडे करता का? गोलाणी मार्केटचा जिना चढून आले, जिन्यात वारा म्हणून नाही. हे स्टूल घेते मी. थोडं पाणी असेल तर — असू द्या, बाटली आहे माझ्याकडे.

मीच लावलंय ते. झालं समाधान? मीच उघडला, मीच आतलं पुसलं, मीच तूप लावलं, मीच परत स्क्रू आवळले. पोराने हातसुद्धा लावला नाही. तो झोपला होता.

का लावलं म्हणजे — तुम्हाला पोरंबाळं आहेत का? एक मुलगी? मग तिच्या आईला विचारा घरी गेल्यावर. मे लागला तसा माझ्या योगूचा घोळणा फुटायला लागला. सकाळी उठवायला जावं तर उशीवर रक्त. शाळेच्या सुट्टीत पोरं धिंगाणा घालतात, हा आपला मान वर करून नाकाला कापूस लावून बसलेला. डॉक्टर म्हणाले उन्हाचं आहे, बाहेर सोडू नका. बरं, नाही सोडलं बाहेर. घरात बसला तर हा गेम मांडीवर. आणि भाऊ, ह्याला हात लावून बघायचा होता तेव्हा तुम्ही! चटका बसायचा. आतला पंखा घरघर करतोय, वाफ सोडतोय पोराच्या अंगावर, मांडी लालभडक. बाहेर ऊन, वर पत्रा, आणि मांडीवर ही शेगडी. माझ्या मनाने घेतलं की हीच आग चढते पोराच्या डोक्यात. काढून घ्यायचा ना मग, असंच म्हणाल तुम्ही. कसा काढून घेऊ? यांनी आणलेला. हे केळीच्या गाडीवर आहेत, सावद्याहून माल भरायचा आणि दिल्लीकडे निघायचं, गेले की गेले. तिकडून कोणाचा तरी वापरलेला आणला पोरासाठी. घरी येतात तेव्हा अंघोळ सुद्धा नंतर, आधी बापलेक दोघं ह्याला चिकटतात, डोक्याला डोकं लावून. मी चहा घेऊन उभी असते आणि दोघांपैकी एकाला दिसत नाही. पण तेवढाच मिळतो हो पोराला बाप. तो मी कसा बंद करू?

म्हणून मोबाईलवर बघितलं. लिहायला कशाला लागतं हल्ली, नुसतं बोललं की येतं. गेम गरम होतो, म्हटलं. आला एक पोरगा, हिंदी बोलणारा, असाच गेम घेऊन. पटापट उघडला, आत करड्या रंगाची खपली झाली होती ती पुसली, आणि नळीतून पांढरी पेस्ट काढून लावली, वाटाण्याएवढी. म्हणाला, ये गर्मी को खींच लेता है. बस. तेवढंच धरून बसले मी. पेस्ट विचारली तिथे भडगावला मोबाईलच्या दुकानात, तो म्हणाला जळगावला मिळेल ताई. जळगावला जाईपर्यंत काय पोराचं रक्त वाहू द्यायचं? आणि घरी आले तर समोर माझी आई परात घेऊन बसलेली.

धुतलेलं तूप माहीत आहे ना तुम्हाला? — नाही? तुमच्या आईला माहीत असेल. गाईचं तूप घ्यायचं तांब्याच्या परातीत. आईची परात सोनगीरची आहे, तिच्या लग्नातली, दोघींनी उचलावी अशी. वर गार पाणी घालायचं आणि तांब्याच्या गडूच्या बुडाने घोटायचं. घोटून घोटून पाणी फेकायचं, परत नवं पाणी, परत घोटायचं. शंभर वेळा म्हणतात, आई काही मोजत नाही, हात दुखला की शंभर झाले म्हणते. पण होतं कसं, सांगू? पांढरंशुभ्र, मऊ, तुपाचं तूपपण जातं, बोटाला लागलं तर गार लागतं. भाजलं, कापलं, तळपायाची आग झाली, की तेच लावायचं. योगूच्या तळपायाला चोळत होती ती आणि मला सांगत होती, हाई तूप बठ्ठी आग वढी लेस पोरी. सगळी आग ओढून घेतं म्हणे. आता तुम्हीच बघा — मोबाईलमधला पोरगा म्हणतोय खींच लेता है, आई म्हणतेय वढी लेस. तीही पांढरी, हेही पांढरं. तीही अशीच मऊ. तरीसुद्धा मी थांबले असते, पण त्या पोराने उघडून दाखवलं ना, तर आत ही तांब्याची पट्टी! भाऊ, ती पट्टी बघितली आणि माझी खात्रीच पटली. आमचं तूप तांब्यातच धुतात, पितळेत नाही, स्टीलमध्ये नाही, तांब्यातच. म्हटलं, ह्या कंपनीवाल्यांनीसुद्धा आपल्याच कुठल्या तरी म्हातारीकडून उचललेलं दिसतंय.

हसा, हसायचं असेल तर. — नाही ना? बरं.

आणि मी काही आंधळेपणाने नाही उघडलं. मी शिलाई करते, ब्लाउज, परकर, फॉल-पिको. माझं मशीन अडलं तर मी कारागीर बोलावत नाही. शटल काढते, कचरा काढते, तेल देते, परत बसवते. आईकडच्या जुन्या मशीनचा बारका पेचकस घेतला, स्टीलच्या ताटात स्क्रू ठेवले, जसे गेमला होते तसेच मांडून, वरचे वर, खालचे खाली. दुपारची वेळ, घर सगळं झोपलेलं, मी खाली चादर टाकून बसले. खपली पुसायला त्या पोराने स्पिरिट घेतलं होतं, माझ्याकडे हात धुवायचं सॅनिटायझर होतं कोरोनातलं उरलेलं, त्याने पुसली. सगळी निघाली. आरशासारखं चकचकीत झालं आत, माझा डोळा दिसला मला त्यात. आणि पंख्यात तर काय, बोटभर कापूस! सगळे माझे धागे, शिलाईचे. मशीनशेजारीच बसायचा ना तो खेळत. ते सगळं ब्रशने काढलं, मशीनचाच ब्रश. मग तूप घेतलं वाटाण्याएवढं — खोटं कशाला बोलू, वाटाण्याएवढं नव्हतं. म्हटलं आग जास्त आहे तर तूपही जास्त लागेल. बोटाने नीट सारवलं, वर पट्टी, वर झाकण, स्क्रू. चालू केला तर चालू झाला! 

योगू उठला, त्याने खेळायला घेतला. मी भाजी निवडत बसले, एक डोळा तिकडे. थोड्या वेळाने म्हणतो कसा, आई, हा आज तापतच नाही. मांडीवरून उचलून माझ्या गालाला लावला त्याने, बघ, म्हणे, बघ. कोमट नुसता. मग मला राहवेना, सांगितलं सगळं. तू उघडला? तू? तू स्वतः? — असं तीन-तीनदा विचारलं त्याने, आणि मग गळ्यात पडला. इतका मोठा झाला, लाज वाटते त्याला आता गळ्यात पडायची. म्हणाला, आई, पप्पांना फोनवर नको सांगू, ते आले की आपण त्यांच्या हातात देऊ आणि विचारू, ओळखा कोणी दुरुस्त केला. ते म्हणतील जळगावच्या दुकानात नेला असेल, मग मी सांगीन. मीच सांगीन हं, असं वचन घेतलं माझ्याकडून. आणि घोळणा पण थांबला त्या दिवसांत, खरं सांगते.

काय म्हणता? पंख्यातला कचरा काढला म्हणून थंड झाला? नुसता कचरा काढला असता आणि जुन्या पेस्टला हात लावला नसता तर — तर बंद पडलाच नसता? म्हणजे तुपाने काहीच नाही केलं? कोमट लागत होता तो धाग्यांमुळे — धागे निघाल्यामुळे? — असू द्या. ते सांगायलाच पाहिजे होतं का तुम्ही? तेवढी एक गोष्ट मी बरोबर केली होती असं धरून चालले होते मी, आणि बरोबर होती ती दुसरीच निघाली.

पुढचं काय, पुढचं दिसतंयच तुम्हाला. तूप शेवटी तूप, कितीही धुवा. तापलं की वितळतं. आधी वास यायला लागला, लोणी कढवल्यासारखा. योगू म्हणाला, आई, हा मस्त वास सोडतो. आम्ही हसलो दोघं. मग इथे जळगावला परत आलो, आणि एका सकाळी बघते तर मुंग्यांची रांग. भिंतीवरून, टेबलाच्या पायावरून, सरळ ह्याच्या भोकांत. लाल मुंग्या, बारक्या. मी झटकल्या, फुंकर मारली, उन्हात ठेवला — आणखी वितळलं असेल उन्हात, आता कळतंय. योगूने चालू केला, पडद्यावर रेषा आल्या आणि गेला. बटण दाबून दाबून त्याचं बोट पांढरं पडलं. मी म्हटलं, होईल चालू, थांब. काय होईल चालू! आणि त्याच संध्याकाळी हे आले.

वाजू द्या तो फोन. हेच आहेत. लेस घ्यायला वेळ लागतो बायकांना, यांना माहीत आहे.

हे आले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, आण रे गेम. योगूने माझ्याकडे बघितलं. यांनीच मग तो कपाटावरून काढला, हलवला, तर मुंग्या पडल्या हातावर. वास घेतला. म्हणाले, तूप? गेममध्ये तूप? तुपाच्या हाताने खेळलास ना रे? मी चुलीपाशी होते, म्हणजे गॅसपाशी, पोळ्या करत होते, माझं काही लक्ष — लक्ष होतं. पण बोलले नाही काही. पोळी उलटली. योगूपण काही बोलेना. यांना ते न बोलणंच सहन होत नाही. माणूस वाईट नाही, भाऊ, उलटं समजू नका. मोडलं तर मोडलं म्हणतात, वस्तू आहे. पण लपवायचं नाही. गाडीवर क्लीनरने काही तोडलं आणि लपवलं तर त्याला मध्येच उतरवून देतात, आणि येऊन सांगितलं तर चहा पाजतात. तर हे म्हणाले, खराब झाला ते जाऊ दे, कपाटावर लपवून का ठेवलास? सांगितलं का नाहीस? आणि एक लावली. एकच. पण ड्रायव्हरचा हात तो.

कपाटावर मी ठेवला होता. मुंग्या चढू नयेत म्हणून.

मग म्हणाले, पोरगं लबाड व्हायला लागलं, मी नसतो घरी, तुझ्याच्याने होत नाही, ह्याला सोनगीरला टाकतो कोकिळाकडे. कोकिळा म्हणजे माझी नणंद. तिचे मिस्टर मास्तर आहेत तिथे, फार कडक, त्यांच्या पोरांना हसतानासुद्धा मी कधी बघितलं नाही. लगेच फोन लावला, लगेच ठरलं. शाळेचा दाखला काढला. आज निघालेत. आता, ह्या बसने, धुळ्याला उतरून पुढे सोनगीर. वर्षभर, म्हणे, मग बघू. नव्या बॅगेवर त्याने स्वतःच नाव लिहिलं काल, पेनाने, दोनदा गिरवून. मला म्हणाला, आई, तिकडे घोळणा फुटला तर आत्याला माहीत आहे का काय करायचं? मी म्हटलं, हो, माहीत आहे. मला काय माहीत, तिला माहीत आहे की नाही.

म्हणून मी हा पिशवीत घालून आणला. यांनी तर फेकायलाच सांगितला होता. म्हटलं, तासाभरात तुम्ही चालू करून दिलात, तर स्टँडवर जाऊन यांच्या हातात देईन, बघा, म्हणेन, झाला की चालू, उगाच पोराला कशाला पाठवता. चालू वस्तू हातात आली की माणसाचा राग उतरतो, नाही का? — ठेवून जावं लागेल? परवा? आणि तेव्हाही नक्की नाही? मुंग्या कुठे कुठे मेल्यात आत ते — बरं. बरं. म्हणजे नाही होत.

मग एक करा ना, भाऊ. तुम्ही बोला यांच्याशी. मी फोन लावून देते. तुम्ही म्हणा, ही कंपनीचीच चूक आहे, आतली पेस्ट खराब निघाली, ती वितळली, तिलाच तुपासारखा वास येतो, अशा बऱ्याच येतात माझ्याकडे. तुम्ही दुकानदार म्हणून तुमचं ऐकतील. तुमचं काय जातं? तुम्हाला ते कुठे ओळखतात? एवढं एक वाक्य — नाही? नाही म्हणजे नाहीच का? — माझ्यासमोर मान हलवता, त्या पोरासमोर हलवली असती का? — माफ करा. तुमचा काय संबंध. मी चढून आले तुमच्या दुकानात.

परत वाजतोय. वाजू द्या.

मीच बोलायला पाहिजे होतं तेव्हा, असंच म्हणताय ना मनात? तोंडावर लिहिलंय तुमच्या. मी नाहीच बोलले. उलटी पोळी भाजत उभी राहिले, आणि म्हटलं, आखाजीला मांडे खाताना खेळत होता, मी सांगत होते हात धू, ऐकतो कुठे — असं म्हटलं म्हणजे — मघाशी म्हणाले ना, काही बोलले नाही म्हणून. ते — बोलले मी. हे बोलले. यांनी विचारलं ना, तुपाच्या हाताने खेळलास ना रे, तर योगूने तोंड उघडायच्या आधी मीच बोलून गेले. तुम्हाला सांगितलं ना आल्या आल्या, एका हातात मांडा, एका हातात गेम? अगदी तसंच. तेच शब्द. पाठ झालेत मला ते. आणि योगूने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो. राग असता तर बरं झालं असतं. असं बघितलं, जसं माझ्या हातात जड काहीतरी आहे आणि तो धरू लागायला येतोय. आणि म्हणाला, हो पप्पा. माझ्याच हाताला तूप होतं.

माराची भीती नव्हती मला. मला हात लावत नाहीत हे, आजपर्यंत नाही. हसले असते. बस, एवढंच. हसले असते. गेल्या वर्षी मी मोबाईलचं चार्जर जोडायला गेले होते घरीच, वायर सोलून, तर फ्यूज उडाला, आणि ते यांनी सगळ्यांना सांगितलं — गाडीवाल्यांना, केळीवाल्यांना, माझ्या भावाला — की आमच्याकडे सातवी पास इंजिनिअर आहे. इंजिनिअर कुठे आहे, इंजिनिअरला फोन द्या, असं म्हणतात अजून. लाडाने म्हणतात, त्यात काही वाकडं नाही त्यांच्या मनात. मीपण हसते. पण ह्या वेळेला मी बरोबर केलं होतं, असं मला वाटत होतं. पोरगं गळ्यात पडलं होतं. आणि आता गेमला तूप लावलं म्हटल्यावर — तुम्हीच सांगा, सावद्यापासून दिल्लीपर्यंत एकही ढाबा राहिला असता का, जिथे ही गोष्ट पोचली नसती? बायकोने गेमला तूप लावलं! मला ते ऐकू यायला लागलं, सगळ्यांचं हसणं, पोळी उलटता उलटता. आणि त्या हसण्याला घाबरून मी पोराला मार खाऊ दिला. दुसरं काही कारण नाही, भाऊ. शोधलं मी खूप, झोप लागत नाही तेव्हा शोधते, दुसरं कारण सापडलं तर बरं म्हणून. नाही सापडत.

हे कोणाला नव्हतं सांगितलं. आईलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगत बसले, काय माहीत. तुम्ही हसला नाहीत म्हणून असेल.

ते काय करताय? स्पिरिट आहे का ते? — नको, राहू द्या. पुसू नका. असंच उघडं राहू द्या, पट्टी पण बाजूलाच ठेवा. कोणाला तरी बघायचं असलं तर दिसायला पाहिजे.

वाजतोय. तिसऱ्यांदा. घेते.

हॅलो. हो. हो, ऐकू येतंय. — लागली बस? — बसलाय का तो? — अहो, ऐका ना, योगूला खाली उतरवा. — नाही, मला काही झालं नाही, मी बरी आहे. — गोलाणीत आहे, वरच्या मजल्यावर. — लेस नाही, अहो, लेसचं नाही काही. त्याला उतरवा आधी. — सुटू दे बस. दुसरी मिळते. — सांगते, सगळं सांगते, आधी उतरवा. — उतरला? बॅग? बॅगही घ्या त्याची. — हां. जवळ उभा आहे का तुमच्या? — थांबा, एक मिनिट थांबा, फोन ठेवू नका.

भाऊ, तुम्ही जरा बाहेर उभे राहता का? तुमचंच दुकान आहे, कळतंय मला. तरी जा.